पहिला घाट: छोटा, कोरडा आणि सकाळचा

परभणीहून नोकरीसाठी हिंजवडीत आलेल्या माझ्या भाचीने गेल्या दिवाळीत जुनी हॅचबॅक घेतली आणि दुसऱ्याच शुक्रवारी रात्री फोन केला. "मावशी, उद्या आम्ही चौघी ताम्हिणीला निघालोय. वाटेत खायला चांगलं कुठे मिळतं?" मी तिला विचारलं, उतारावर गाडी कितव्या गिअरमध्ये ठेवतेस? "उतारावर गिअरचं काय काम? ब्रेक आहेत की!"

त्या शनिवारी ती ताम्हिणीला गेली नाही. माझ्या शेजारी बसून जुन्या कात्रज घाटात चार वेळा वर-खाली केलं, आणि मग पुढच्या रविवारी आम्ही पाबे घाटाची फेरी केली. तिला जे सांगितलं ते इथे नीट लिहून ठेवते आहे. पुण्यात नव्याने आलेल्यांना आणि नव्याने गाडी शिकलेल्यांना ते उपयोगी पडेल. गाडी चालवता येणं आणि घाट उतरता येणं यात फरक आहे. तो फरक दोन सकाळींत शिकता येतो, पण तो शिकल्याशिवाय चार माणसं गाडीत बसवून कोकणाच्या कड्याकडे निघू नये, असं माझं ठाम मत आहे.

आधी नकाशा समजून घ्या

पुण्याच्या पश्चिमेला सह्याद्रीच्या मुख्य धारेतून पूर्वेकडे डोंगरांच्या सोंडा आल्या आहेत, आणि दोन सोंडांच्या मध्ये एकेक नदी. पवना, मुळा, मुठा, मोसे, आंबी, कानंदी, गुंजवणी, वेळवंडी, नीरा. प्रत्येक नदीचं एक खोरं. जुन्या कागदपत्रांत यांचीच नावं पवन मावळ, मुठे खोरं, कानद मावळ, गुंजण मावळ, हिरडस मावळ अशी सापडतात. यातल्या बहुतेक नद्यांवर आता धरणं आहेत: पवनेवर पवना, मुळेवर मुळशी, मोसेवर वरसगाव, आंबीवर पानशेत, वेळवंडीवर भाटघर, नीरेवर नीरा-देवघर.

हे कशासाठी सांगते? कारण एवढं कळलं की इथला कुठलाही रस्ता ओळखता येतो. नदीच्या कडेने जाणारा रस्ता सोपा असतो. वळणं असतात, पण चढ-उतार बेताचे. एका खोऱ्यातून दुसऱ्या खोऱ्यात नेणारा रस्ता खिंडीतून जातो, तो छोटा घाट. आणि सह्याद्रीची मुख्य धार ओलांडून कोकणात उतरणारा रस्ता, म्हणजे ताम्हिणी, वरंध, माळशेज, तो मोठा घाट. शिकण्याचा क्रमही हाच ठेवा. आधी नदीकाठ, मग खिंड, मग कोकणकडा.

मोबाईलवरच्या नकाशात हा फरक दिसत नाही. तो दोन ठिकाणांमधलं कमीत कमी अंतर शोधतो आणि कधी कधी वाडीवरच्या कच्च्या रस्त्याने खिंड ओलांडायला लावतो. म्हणून आदल्या रात्री भूरचना दाखवणारा नकाशा उघडून रस्ता बोटाने एकदा फिरवून बघा, आणि तेवढा भाग ऑफलाइन उतरवून ठेवा. ताम्हिणी, केळद, हिर्डोशी या बाजूंना रेंज जाते. रेंज गेली की यूपीआयही गेलं, तेव्हा खिशात सुट्टे पैसे हवेत.

गाडी

टायर सगळ्यात आधी. खाचांची खोली १.६ मिलिमीटरच्या खाली गेलेला टायर कायद्यानेही चालत नाही, पण पावसाळ्यात घाटात जाणार असाल तर त्याच्या दुप्पट तरी खोली असावी असं मी म्हणेन. हवा टायर थंड असताना भरा, दाराच्या चौकटीवर लिहिलेली असते तेवढीच. "घाटात जातोय, थोडी जास्त मार" असं पंपावर सांगणारे पुष्कळ भेटतील, त्यांचं ऐकू नका. फुगलेल्या टायरची पकड कमी होते.

ब्रेक ऑइल किती वर्षांपूर्वी बदललंय ते आठवत नसेल तर बदलून घ्या. हे तेल हवेतली ओल शोषून घेतं. लांब उतारावर ब्रेक तापले की त्या पाण्याची वाफ होते, आणि वाफ दाबली जाते, त्यामुळे पॅडल स्पंजासारखं खाली जातं आणि गाडी थांबत नाही. शहरात वर्षानुवर्षं न कळणारा हा दोष घाटात पहिल्या पंधरा मिनिटांत कळतो. दोन वर्षांनी एकदा बदलायचा नियम ठेवा.

बाकी वायपरचं रबर, कूलंट, स्टेपनीतली हवा, जॅक आणि पाना जागेवर आहे ना, हे बघा. पेट्रोल शहर सोडतानाच पूर्ण भरा.

दिवस आणि वेळ

पहिल्या फेरीसाठी ऑक्टोबरचा दुसरा पंधरवडा ते फेब्रुवारी. रस्ता कोरडा असतो, डोंगरावर अजून हिरवं असतं, नंतर गवत सोनेरी होतं. फेब्रुवारीत पांगारा आणि काटेसावर फुलते. मे महिन्यात जांभळं-करवंदं घेऊन पोरं रस्त्याकडेला बसलेली असतात. गाडी रस्त्याच्या बाहेर घेऊनच त्यांच्याकडे थांबा.

शक्यतो शनिवार-रविवार टाळा, नाही जमलं तर पहाटे साडेपाचला घर सोडा. आणखी एक गोष्ट फार कमी जण सांगतात. पुण्याहून पश्चिमेला जाताना सकाळी ऊन पाठीवर असतं. परतताना पूर्वेला तोंड असतं, तेव्हा उतरतं ऊन पुन्हा पाठीवर. पण जेवूनखाऊन दुपारी तीनला घाटाकडे निघालात तर सूर्य सरळ डोळ्यांत येतो, आणि सावलीतल्या वळणातून एकदम उन्हात आल्यावर क्षणभर काहीच दिसत नाही. तेवढा क्षण घाटात फार मोठा असतो. म्हणून सकाळी पश्चिमेला, दुपारनंतर घराकडे. अंधार पडायच्या आत शेवटचा घाट उतरलेला हवा.

जुना कात्रज: चढ आणि उतार

नवा बोगदा झाल्यापासून जुन्या कात्रज घाटातली बरीच वाहतूक महामार्गाकडे वळली. कात्रज गावातून चढायचं, जुन्या बोगद्यातून पलीकडे जायचं, शिंदेवाडीला उतरायचं आणि तिथून वळून परत. सकाळी सहा ते आठ ही सरावाची वेळ.

चढताना घाई एकच असते, गिअर बदलण्याची. गाडी धापा टाकायला लागायच्या आत खालचा गिअर टाका. इंजिन गुदमरल्यावर क्लच अर्धा दाबून रेटत राहिलात तर क्लचप्लेट जळते, तिचा वास कागद जळल्यासारखा येतो. चढावर थांबावं लागलं तर क्लचवर गाडी तोलून धरू नका, हॅण्डब्रेक ओढा. निघताना क्लच सोडत न्या, गाडीचं नाक किंचित उचललं गेलं की हॅण्डब्रेक खाली. हे रिकाम्या चढावर दहा वेळा करून बघा. भाचीची गाडी पहिल्या वेळी तीन वेळा बंद पडली, चौथ्या वेळी सुरेख निघाली.

आता उतार. ज्या गिअरमध्ये तो चढ चढला असता, त्याच गिअरमध्ये तो उतरायचा. जुने चालक हे एका वाक्यात सांगतात आणि त्यात सगळं आलं. दुसऱ्या गिअरमध्ये पाय अॅक्सिलरेटरवरून काढला की इंजिनच गाडीला मागे ओढून धरतं. आवाज वाढतो, त्याला घाबरू नका, इंजिनाला काही होत नाही. वळण आलं की त्याच्या आधी, सरळ रस्त्यावरच, ब्रेक घट्ट दाबून वेग कमी करा आणि पाय पूर्ण उचला. दाबा आणि सोडा. सबंध उतारभर ब्रेकवर हलका पाय ठेवून बसलात तर पॅडला गार व्हायला वेळच मिळत नाही. ऑटोमॅटिक गाडी असेल तर डी मध्ये ठेवून उतरू नका. एल, २ किंवा मॅन्युअल मोड जो असेल तो घरीच शोधून ठेवा, घाटात पुस्तिका उघडायची वेळ येऊ नये.

न्यूट्रल कधीही नाही. याचं उदाहरण पुणेकरांच्या दारातच आहे. नव्या कात्रज बोगद्यापासून नवले पुलापर्यंतचा उतार आपण रोज बघतो. २० नोव्हेंबर २०२२ ला तिथे एका टँकरमुळे झालेल्या अपघातात ४८ गाड्यांचं नुकसान झालं. डिझेल वाचवायला उतारावर न्यूट्रल करून सोडलेल्या अवजड गाड्या हे तिथल्या अपघातांमागे वारंवार समोर आलेलं कारण आहे. गाडी लहान असली तरी नियम तोच.

माझं स्वतःचं सांगते. बावीस वर्षांपूर्वी पहिल्यांदा मोठा घाट उतरले तेव्हा मीही ब्रेकवरच उतरले होते. अर्ध्यात गाडीत उग्र, डोक्यात जाणारा वास भरला. मला वाटलं बाहेर कुठे तरी रबर जाळतायत. पुढच्या वळणावर पॅडल नेहमीपेक्षा दोन बोटं खाली गेलं तेव्हा कळलं की वास माझ्याच चाकांचा आहे. तशी वेळ तुमच्यावर आली तर पहिला गिअर टाकून सावकाश रुंद जागेपर्यंत जा, गाडी गिअरमध्येच बंद करा, चाकाला दगडाची उटी लावा आणि निदान अर्धा तास थांबा. तापलेल्या डिस्कवर पाणी ओतू नका, ती वाकते किंवा तडकते. आणि निघताना तो दगड उचलून कडेला टाका. घाटात रस्त्याच्या मधोमध दिसणारे कितीतरी दगड असे कुणी तरी चाकाखाली लावून विसरलेले असतात, आणि रात्री दुचाकीवाला त्यावर आपटतो. माझ्या चाकाखालचा दगड त्या दिवशी एका दूधवाल्याने उचलून बाजूला ठेवला, मला शब्दही न बोलता. ते मी विसरलेले नाही.

पहिली खरी फेरी: पाबे घाट

रस्ता असा: सिंहगड रस्ता, खडकवासला, डोणजे फाटा ओलांडून खानापूर. तिथे पानशेतचा रस्ता सोडून डावीकडे रांजण्याकडे, मग पाबे घाट, पाबे गाव, वेल्हे. वेल्ह्याहून मार्गासनी, आंबवणे करत नसरापूर, चेलाडी फाट्याला महामार्ग आणि पुणे. सगळं मिळून साधारण १२० किलोमीटर. सकाळी सहाला निघालात तर निवांत थांबत-खात दुपारी एक-दीडला घरी.

ही फेरी मी मुद्दाम निवडते. यात सगळं थोडं थोडं येतं. खडकवासल्याच्या पाण्याकाठचा रस्ता, एक छोटी खिंड, कानंदीच्या खोऱ्यातली भातखाचरं आणि शेवटी महामार्ग. घाट छोटा आहे, पण वळणं खरी आहेत.

खडकवासल्याच्या चौपाटीवर जाताना थांबू नका. ते शहराचंच टोक आहे. धरणाच्या पाण्यावर सकाळी धूर धरल्यासारखं धुकं असतं, ते पुढे चालत्या गाडीतूनही दिसतं. याच पाण्याच्या वर पानशेत आहे. १२ जुलै १९६१ ला ते धरण फुटलं आणि त्या लोंढ्याने खडकवासल्याचं धरणही फोडून पुण्याच्या पेठा बुडवल्या. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून बघा, त्यांच्याकडे त्या दिवसाची गोष्ट असते.

रांजणं सोडलं की रस्ता अरुंद होतो. इथून गाणी बंद करा आणि चालकाच्या बाजूची काच चार बोटं खाली घ्या. आंधळ्या वळणाच्या आधी हॉर्न द्यायचा हे सगळ्यांना माहीत असतं, पण समोरच्याने दिलेला हॉर्न ऐकू यायला काच उघडी लागते. डावं वळण डाव्या कडेला धरून घ्या. उजव्या वळणावर मोह होतो आतून कापायचा, तो आवरा. तुमच्यासाठी आतली असलेली बाजू समोरून येणाऱ्याची हक्काची बाजू आहे.

आम्ही गेलो तेव्हा तिसऱ्या की चौथ्या वळणावर वरून एसटी आली. भाचीने घाबरून गाडी होती तिथेच थांबवली, बरोबर वळणाच्या पोटात. नियम असा की अरुंद घाटात चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, उतरणाऱ्याने थांबायचं. पण तो नियम डोक्यात घेऊन समोर ठाण मांडून बसू नये. बसला मागे जायला जागा नव्हती. आमच्या मागे पंधरा-वीस फुटांवर रस्ता रुंद होता. मी खाली उतरले, मागे जाऊन हाताने दाखवत गाडी मागे घेतली. एसटीच्या चालकाने शेजारून जाताना बस क्षणभर थांबवली, भाचीला म्हणाला, "ताई, वळणाच्या अलीकडं थांबायचं. वळणात नाही. अलीकडून आम्हाला तुम्ही दिसता." पुस्तकातल्या दहा पानांचं काम त्याने दोन वाक्यांत केलं. या रस्त्यांवर एसटीचे चालक हे तुमचे गुरुजी आहेत. एखादी एसटी पुढे मिळाली तर ओव्हरटेक न करता दोन गाड्यांचं अंतर ठेवून तिच्या मागे चला, ती कुठे ब्रेक लावते, कुठे गिअर बदलते ते बघा.

साइडपट्टीवर मात्र भरवसा नको. डांबराची कड कित्येक ठिकाणी अर्धा फूट तुटलेली असते आणि वरून गवत माजलेलं असतं. वाट देताना चाक खाली उतरलं की गाडीचं पोट टेकतं. शंका आली तर शेजारच्याने उतरून बघावं.

खिंडीत वर पोचलात की मागे सिंहगडाचा टॉवर आणि पुढे तोरणा, त्याच्या डावीकडे राजगड. तोरणा म्हणजे प्रचंडगड, १४०३ मीटर, पुणे जिल्ह्यातला सगळ्यात उंच किल्ला. शिवाजी महाराजांनी अगदी सुरुवातीला घेतलेला तोरणा आणि पुढे पंचवीसेक वर्षं त्यांची राजधानी असलेला राजगड एकाच नजरेत बसतात. डोंगराच्या अंगावर आडव्या पट्ट्या दिसतील, एकावर एक रचलेल्या. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थर पसरत गेले, त्यांचे ते थर. टणक थराचा उभा कडा, ठिसूळ थराचा उतार. रस्ताही त्या ठिसूळ थरांच्या उतारांवरूनच काढलेला असतो, आणि पावसाळ्यात दरड तिथूनच सुटते.

थांबायचं ते खिंडीच्या रुंद जागेत, दोन्ही बाजूंनी गाडी लांबून दिसेल असं. वळणावर, पुलावर, कठड्याला लागून गाडी लावून फोटो काढू नका. दार उघडताना मागे बघा.

पाबे उतरताना जुन्या कात्रजचा धडा: दुसरा गिअर, दाबा आणि सोडा.

खाली वेल्ह्यात जेवणाचा साधा मार्ग सांगते. पोचल्याबरोबर खानावळीत सांगून ठेवा किती माणसं आहेत, मग तासभर मेंगाई मंदिराकडे, नदीकडे फिरून या. पिठलं, तांदळाची किंवा ज्वारीची भाकरी, ठेचा. सांगून केलेल्या भाकरीची गोष्ट वेगळी असते. परतताना नसरापूरला बनेश्वराच्या देवळाशी थोडं थांबा, झाडी दाट आहे, पाय मोकळे होतात.

चेलाडीला महामार्गाला लागल्यावर मन सैलावतं, आणि खरी काळजी इथून पुढे घ्यायची. बोगद्यानंतरचा नवले पुलाचा उतार या फेरीच्या अगदी शेवटी येतो, तुम्ही दमलेले असताना. डावी बाजू धरा, गिअर खाली घ्या, आरशात मागचे ट्रक बघत राहा, आणि अवजड गाडीच्या बरोबर पुढे रेंगाळू नका.

आठवडाभराने हीच फेरी उलट्या बाजूने करा. चढ उतार होतात, उतार चढ. रस्ता पूर्ण नवा वाटतो.

रस्ता ज्यांचा आहे

या रस्त्यांवर आपण पाहुणे आहोत. ऑक्टोबर-नोव्हेंबरात भात कापणी-झोडणी चालू असते, डांबरावर पेंढा पसरलेला असतो, भात वाळत घातलेलं असतं. त्यावरून गाडी नेऊ नका. थांबा, कुणी तरी येऊन बाजूला करेल, किंवा हात करून वाट दाखवेल. संध्याकाळी गुरं परततात. पावसात म्हशी रस्त्यावर बसतात, कारण डांबर उबदार असतं. त्यांना हॉर्नचं काही नसतं, सावकाश कडेने जा. डोक्यावर गवताचा भारा घेतलेल्या बाईला मागची गाडी दिसत नाही आणि चटकन वळताही येत नाही. तिच्या अगदी मागे येऊन हॉर्न दिलात तर ती दचकून दरीच्या बाजूला सरकते. लांबूनच एकदा हलका हॉर्न द्या आणि ती कडेला होईपर्यंत थांबा. शाळा सुटायच्या वेळी वाडीच्या फाट्यावर वीसच्या वर वेग नको.

कचरा परत घरी आणा. खाचराच्या बांधात फुटलेली काचेची बाटली लावणीच्या वेळी चिखलात कुणाच्या पायात जाते, एवढं डोळ्यांसमोर आणलं की पुरे.

दुसरी फेरी आणि मग ताम्हिणी

दुसरी फेरी पवनेची. चांदणी चौक, पौड, कोळवण, जवण, तिकोनापेठ, पवनानगर, कामशेत आणि जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने परत. तिकोना आणि तुंग धरणाच्या पाण्याशी उभे असतात. चढ सोपे, रस्ता काही ठिकाणी खड्ड्यांचा.

तिसरी ताम्हिणी, तीही पहिल्यांदा कोरडीच. भूगाव, पिरंगुट, पौड, माले, मग मुळशीच्या जलाशयाची कड. या पाण्याखाली गावं आहेत. धरणाविरुद्ध १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या पुढाकाराने मुळशी सत्याग्रह झाला. मुळेचं हे पाणी उलटं पश्चिमेला वळवून भिऱ्याला कोकणात सोडलं जातं आणि त्यावर वीज तयार होते. जलाशय संपला की ताम्हिणी, डोंगरवाडी, आणि त्यापुढे विळ्यापर्यंतचा उतार. हा लांब आहे, पाबेच्या कितीतरी पट. मधे एकदा रुंद जागी थांबून चाकाजवळ हात नेऊन बघा, ऊब नुसती जाणवते की चटका बसेल असं वाटतं. डिस्कला हात लावू नका. माणगावपर्यंत जायची गरज नाही, विळ्याला चहा घेऊन मागे फिरलं तरी घाट दोन्ही बाजूंनी होतो.

भाची जानेवारीत गेली. रात्री फोन आला, "मावशी, सबंध उतार दुसऱ्यात. आणि चाकं फक्त कोमट होती."

माळशेजचा रस्ता सुंदर आहे, पण राष्ट्रीय महामार्ग असल्याने अवजड वाहतूक पुष्कळ. तो चौथा-पाचवा ठेवा.

पावसात

पावसाळ्यात जायचं तर आधी हे घाट कोरडे केलेले हवेत. ताम्हिणीत किती पाऊस पडतो याचा अंदाज शहरात येत नाही. २५ जुलै २०२४ च्या नोंदीत तिथे २४ तासांत ५५६ मिलिमीटर पाऊस पडला. पुणे शहराच्या सबंध वर्षाच्या पावसाचा हा बराच मोठा भाग. हवामान खात्याचा घाटमाथ्यासाठीचा इशारा वेगळा येतो, तो वाचा. ऑरेंज किंवा रेड असेल तर घरी राहा.

धुक्यात दिवे डिपरवर, म्हणजे खालच्या झोतात. अप्पर लावलात तर समोर पांढरी भिंत उभी राहते. फॉग लॅम्प असतील तर लावा. चालत्या गाडीचे चारही इंडिकेटर लावून जाऊ नका, मागच्याला तुम्ही वळताय की थांबलाय ते कळत नाही. काचेवर आतून वाफ धरली तर एसी काचेकडे वळवा. धुकं इतकं दाटलं की पुढची पांढरी पट्टी दिसेना, तर रस्त्याबाहेर सुरक्षित जागा बघून थांबा. डोंगराकडून छोटे खडे गडगडताना दिसले, रस्त्यावर ताजी लाल माती आलेली दिसली, झाड नेहमीपेक्षा कललेलं दिसलं, तर तिथे क्षणभरही थांबू नका आणि त्याखाली गाडी लावू नका. फरशी पुलावरून पाणी वाहत असेल तर ते घोट्याएवढं वाटलं तरी गाडी घालू नका. फरशी पाण्याखाली वाहून गेलेली असू शकते. धबधब्याखाली, प्रवाहात उतरण्यावर जिल्हाधिकाऱ्यांचे मनाई आदेश दर पावसाळ्यात निघतात, ते मागच्या मृत्यूंमुळेच. अडचण आली तर ११२, रुग्णवाहिकेला १०८. रेंज नसेल तर चालत वाडी गाठा, तिथल्या लोकांना कुठल्या झाडाशी रेंज येते ते माहीत असतं.

वरंध घाट हा सगळ्यात शेवटी. भोर, नीरा-देवघरच्या पाण्याकाठून हिर्डोशी, मग वाघजाईच्या देवळापाशी घाटमाथा आणि खाली महाड. तिथून जवळच शिवथरघळ. रस्ता अरुंद आणि ठिसूळ आहे. २२ जुलै २०२१ ला दरडीखाली गेलेलं तळिये याच डोंगरांच्या कुशीत आहे. पावसाळ्यात हा घाट वाहतुकीला बंद ठेवल्याचे आदेश निघतात, म्हणून निघण्याआधी भोरमध्ये चौकशी करा. बॅरिकेड लावलेला दिसला तर स्थानिक दुचाकीवाले कडेने जातायत म्हणून तुम्ही जाऊ नका. गाडी वळवा. नीरा-देवघरच्या काठाचा रस्ता उघडा असतो तोवर तोच पुरेसा आहे, आणि कापूरहोळच्या वाटेवर इंगवलीजवळ नीरेने घेतलेलं वळण वरून गळ्यातल्या हारासारखं दिसतं. तिथे थांबायला जागा आहे.